मोडायची रेघ

जो बोर्ड पुढे मोडायचाच आहे, तो आखताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोडायची वेळ येईल तेव्हा तो हातानं, सरळ रेघेत, एका झटक्यात मोडला पाहिजे. आणि ती वेळ येईपर्यंत खोक्यात, टेम्पोत, माणसाच्या पिशवीत, कुठेही मोडता कामा नये. या दोन्हींच्या मधे जागा फार थोडी असते. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं त्या थोड्या जागेत गेली.

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सर्किट बोर्डांची आखणी करतो. पंपाचे स्टार्टर, टाकीतलं पाणी दाखवणारे दिवे, असला माल. त्यातले काही बोर्ड जोडून येतात आणि घेणाऱ्यानं जागेवर मोडून घ्यायचे असतात. कुणाला दोन्ही भाग एकाच डबीत हवे असतात, कुणाला एक विहिरीवर आणि दुसरा स्वयंपाकघरात. कारखान्यात ते एकत्रच तपासले जातात. सगळं नीट चालतं अशी खात्री झाली की मगच बाहेर जातात. रेघेवर मोडले की मधली वीज जायची वाट बंद होते आणि तिच्याऐवजी वायर जोडायची.

माझी बायको मांडवीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्या धाकट्या भावाची स्वतःची बोट आहे, तो स्वतःच तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. लाकडी बोटीच्या तळात पाणी झिरपतंच, ते सगळ्यांना माहीत असतं. थोड्या थोड्या वेळानं एक खलाशी मागची फळी उचलून खाली बघतो आणि पाणी वाढलं असलं तर पंप लावतो. आपल्या घरची माणसं त्या फळीच्या भरवशावर राहतात, ही गोष्ट माझ्या बायकोला लहानपणापासून आवडत नसे. त्यांचे वडील एकदा तसेच, कमरेभर पाण्यात उभे राहून परत आले होते.

"तुम्ही दिवसभर मिरजोळ्याला बसून भोकं पाडता," ती मला म्हणायची. "एक माझ्या भावासाठी पाडा की."

"भोकं मशीन पाडतं."

"मग मशीनला सांगा."

म्हणून मी तो बोर्ड काढायला घेतला. लांबी नव्वद मिलिमीटर, रुंदी पन्नास. वरच्या भागात बॅटरीची जोडणी, एक हिरवा दिवा आणि भोंगा. खालचा बावीस मिलिमीटरचा तुकडा म्हणजे पाण्याची बोटं: कंगव्यासारखे एकमेकांत शिरलेले तांब्याच्या पट्टीचे दोन ट्रॅक. त्यांच्यावर खारं पाणी आलं की वर भोंगा वाजायचा. तांबं खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून बोटांवर सोन्याचा पातळ मुलामा. लहान होडीत आख्खा बोर्ड तसाच तळाशी बसवता येईल. मोठ्या बोटीत खालचा तुकडा मोडून वायरनं तळाशी सोडायचा आणि वरचा भाग केबिनमधे ठेवायचा.

दोन्ही भागांच्या मधे खाच घातली असती तर मोडायला सोपं गेलं असतं, पण खाच तांबं कापते, मग बोर्ड आधी तपासता येत नाही. म्हणून मी ओळीनं भोकं घेतली. भोक शून्य पूर्णांक सहा मिलिमीटरचं, दोन भोकांमधली भिंत शून्य पूर्णांक आठ, आणि त्या भिंतीतून जाणारा ट्रॅक पाव मिलिमीटर. मोडताना बोर्ड क्षणभर वाकतो. रेघेजवळ चिनीमातीचा कपॅसिटर असेल तर त्याला आतून तडा जातो. बाहेरून काही दिसत नाही. बोर्ड चालतोही. मग हवा ओली झाली की बंद पडतो. म्हणून रेघेपासून पाच मिलिमीटरच्या आत मी काहीच बसवत नाही.

आखणी अर्धी झाली तेव्हा तिचा आजार निघाला, आणि आखणी पुरी व्हायच्या आत ती गेली. मधे चिपळूणचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मला त्या दिवसांतल्या पार्किंगच्या जागा आठवतात, औषधांच्या वेळा आठवतात, आणि एका वॉर्डातला पंखा, ज्याचं एक पातं थोडं वाकडं होतं. बाकीचं आठवायला बसलो तर समोर काही येत नाही.

दिवस झाल्यावर मी कामावर गेलो. लोक म्हणाले, सावरला. मी सकाळी उठत होतो, मुलीला कॉलेजला सोडत होतो, पाण्याची मोटर वेळेवर बंद करत होतो. कुणी काही विचारलं तर बरोबर उत्तर देत होतो. सावरणं म्हणजे हेच असेल तर मी सावरलेलो होतो. अर्धा राहिलेला बोर्ड स्क्रीनवर उघडला तर रेघेपर्यंतचं झालेलं होतं, रेघेच्या खालचं राहिलं होतं. ते केलं.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या सुमारास पहिले काही बोर्ड तयार होऊन आले. त्यातला एक मी मिठाच्या पाण्यात बुडवून तपासला आणि मेहुण्याला घरी बोलावून दिला. रेघेच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं: इथून मोडा. मी त्याला दाखवलं. कुठे धरायचं, कुठल्या बाजूला वाकवायचं, वायर कुठे घालायची, टोकाला पुट्टी कशी भरायची.

"कळलं?"

"कळलं वो भावोजी. एवढं काय कठीण नाय." त्यानं बोट जिभेला लावून खालच्या ट्रॅकवर टेकवलं. भोंगा वाजला. तो दचकला आणि हसला. "ताईसारखा वराडतोय."

माझी मुलगी आतून म्हणाली, "मामा, आई तुझ्यावरच ओरडायची."

"म्हणून तर बोललो."

तो बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. मी मानून चाललो की तो बसला.

नवरात्राच्या आधी एका दुपारी मुलीचा कारखान्यात फोन आला. मामाच्या बोटीत पाणी भरलं होतं, दुसऱ्या बोटीनं दोर लावून आणलं, सगळे सुखरूप आहेत, असं तिनं एका दमात सांगितलं. मी विचारलं, "भोंगा वाजला होता का?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी मामा कसा आहे ते विचारा ना."

"तू सांगितलंस ना, सुखरूप आहे."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

मी बंदरावर गेलो. बोट पंप लावून रिकामी करून धक्क्याला बांधलेली होती. आत डिझेलचा आणि कुजलेल्या लाकडाचा वास. केबिनमधे देवाच्या तसबिरीशेजारी, जरीच्या माळेखाली, माझा बोर्ड स्क्रूनं बसवलेला होता. हिरवा दिवा लागलेला होता. आणि तो आख्खा होता. रेघ जशीच्या तशी. खालची पाण्याची बोटं केबिनच्या छताजवळ, तळापासून पुरुषभर उंच, कोरडी.

"हा मोडला नाहीस," मी म्हटलं.

मेहुणा धक्क्यावर उकिडवा बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. "नाय मोडला."

"का?"

"आये नको बोलली. ताईचं वर्ष झालं नाय अजून. तिच्या घरून आलेली नवीन वस्तू, ती आणून पहिली मोडायची? वर्ष झालं की मोडणार व्हतो मी."

"मग बसवलास कशाला?"

"तिच्या घरची ना. कुठं ठेवणार, कपाटात?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "मला म्हाईत व्हतं भावोजी, हा वरून काय पाणी बघत नाय म्हणून. मी म्हटलं, तोवर फळी आहेच की."

फळी होती, पण खलाशांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नवीन यंत्र बघितलं, जिभेला बोट लावून वाजवून बघितलं, हिरवा दिवा बघितला. पाण्याची राखण आता यंत्र करतंय असं समजून ते फळी कधीमधी उचलायला लागले, मग उचलायचं सोडलं. मेहुण्यालाही त्या दिव्याची सवय झाली. पहाटे इंजिनाचं चाक पाणी उडवायला लागलं तेव्हा त्यांना कळलं. बोर्ड नसता तर त्यांना आधी कळलं असतं. हे मी त्याला म्हटलं नाही, पण हिशोब सरळ होता.

बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याजवळची गळती सुतारानं बुजवली. दोन दिवसांत बोट परत निघणार होती; निघाल्याशिवाय बोटीवरच्या पाच जणांच्या घरांना इलाज नव्हता. लाकडी बोट, एक जागा बुजवली की दुसरी सुटते. मी बोर्ड काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीला गेलो. पिशवीत आणखी एक जोडी होती, मी कारखान्यातच मोडून आणलेली. मला वाटलं होतं, तोडगा सोपा आहे.

सासूबाई मागच्या पडवीत विळीवर बांगडे साफ करत होत्या. मेहुणा भिंतीला टेकून बसला होता. मी पिशवीतली जोडी काढून पाटावर ठेवली. "आई, हे दोन भाग आधीच वेगळे आहेत. तुमच्या घरात काही मोडायचं नाही. हेच बसवू."

त्यांनी विळीवरून हात न काढता बघितलं. "मोडकी वस्तू बोटीवर चढवणार? ती उचला आधी."

"मोडकी नाही ती. अशीच असते."

"उचला म्हणते ना, जावईबापू."

मी उचलली. मग आख्खा बोर्ड काढून दाखवला. वरचा भाग, खालचा भाग, भोकांची रेघ. खालचा भाग पाण्यात असेल तरच वरच्याला कळतं, हे सांगितलं.

"म्हाईत हाय मला. माझ्या पोरानं सांगितलं सगळं. मीच बोलले, नको मोडू." त्यांनी एका बांगड्याचं डोकं उडवलं. "तिनं माझ्या हातात शेवटचं काय दिलं ते मला आठवत नाय. तिच्या घरून हे आलं. त्याच्यावर काय लिवलंय? इथून मोडा. माझ्या नातीनं वाचून दाखवलं मला. अंगावर काटा आला."

ती अक्षरं मी अडीच मिलिमीटर उंचीची घेतली होती, बोटीवरच्या उजेडात वाचता यावीत म्हणून.

"तुम्ही रडलात कधी, जावईबापू?"

"आये," मेहुणा म्हणाला, "आता त्यांना कशाला—"

"तू गप. मी त्यांना विचारतेय."

"नाही," मी म्हटलं.

"मी बघत व्हते ना. तेराव्याला माणसं रडतायत आणि हे आपले पत्रावळ्या मोजतायत."

"एकशे चाळीस सांगितल्या होत्या. एकशे बत्तीस आल्या होत्या."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एकदम हसल्या, मग हातानं, माशाच्याच हातानं, तोंड झाकलं. मेहुण्यानं मान दुसरीकडे वळवली. बाजूच्या घरात कुणीतरी कुत्र्याला हाकलत होतं.

"पाणी किती आलं व्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा झाला होता.

मेहुणा म्हणाला, "आवं, ते काय नाय एवढं."

"मी तुला नाय विचारलं. तू खोटं बोलशील. ह्यांना खोटं बोलता येत नाय."

"इंजिनाच्या चाकाला लागत होतं," मी म्हटलं. "आणखी वीतभर आलं असतं तर इंजिन बंद पडलं असतं."

"आणि मग?"

"पंप इंजिनावर चालतो. तोही बंद. मग बादल्यांनी उपसायचं."

"उपसून भागलं असतं?"

"नाही. एवढं मोठं भोक होतं की पाच माणसांच्या उपसण्यापेक्षा जास्त आत येत होतं."

"आमच्या त्यांना भागलं व्हतं."

"ती बोट लहान होती, आई."

त्यांनी विळी आडवी केली. दोन्ही हात परातीतल्या पाण्यात घातले, घासले, पदराला पुसले. "द्या इकडे."

"मी मोडतो."

"तुमच्या हातून नको. तुमच्या घरातलं एक गेलंय." मेहुणा पुढे सरकला होता, त्याला त्यांनी मनगटानं मागे केलं. "तुझ्या तर नकोच. तू पाण्यावर जातोस. काय लागायचं असेल ते मला लागू दे. माझं आता काय व्हायचंय?"

असं काही लागत नसतं, हे सांगावं की नाही याचा मी विचार केला. सांगितलं नाही. त्यांच्या हातात बोर्ड दिला आणि कसा धरायचा ते सांगितलं: दोन्ही अंगठे रेघेच्या अगदी जवळ, एक अलीकडे एक पलीकडे, वरचा भाग पाटाच्या कडेवर सपाट दाबून, खालचा तुकडा खाली. हळू हळू वाकवायचा नाही, एकदाच.

"कोळीण हाय मी," त्या म्हणाल्या. "मला काय शिकवता मोडायला?" पण अंगठे मी सांगितले तिथेच ठेवले. नखांत माशाचं रक्त होतं. त्या थांबल्या. ओठ हलले, मुलीचं नाव घेतलं की देवाचं ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी दाबलं.

आवाज अगदी लहान होतो. शेंग फोडल्यासारखा.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघितले. खालचा मुलाला दिला, वरचा मला. मी कडेवरून बोट फिरवलं. रेघ सरळ गेली होती, भोकांचे अर्धे गोल ओळीनं दिसत होते, तांब्याचे काप उचकटलेले नव्हते. एका कोपऱ्याला किंचित टोचणारी कूस राहिली होती, ती मी कानसीनं काढली. सासूबाई पुन्हा विळीवर बसल्या होत्या. "जेवून जा," त्या बांगड्यांकडे बघत म्हणाल्या. मी जेवून निघालो. बांगड्यांचं तिखलं चांगलं झालं असावं. मी दोनदा भात घेतला.

दुपारी बोटीवर वरचा भाग पुन्हा तसबिरीशेजारी गेला, त्याच्यातून वायर खाली, आणि खालचा तुकडा मागच्या फळीखाली, तळापासून चार बोटं वर. मी पुट्टी भरली, सुकू दिली, मग एका खलाशाला समुद्राचं पाणी ओतायला सांगितलं. दुसऱ्या बादलीला भोंगा वाजला. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"बंद करा वो, मासळी पळंल!" शेजारच्या बोटीवरून कुणीतरी ओरडलं.

"तुझी कधी येते ती पळायला?" आमचा एक खलाशी ओरडला.

पंप लावला, पाणी उतरलं, भोंगा थांबला. मी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं की हे यंत्र आहे, बंद पडू शकतं, फळी पूर्वीसारखीच उचलायची.

"ऐकलं काय रे?" मेहुणा म्हणाला. "दिव्याकडं बघून झोपायचं नाय."

"मग दिवा कशाला, तांडेल?"

"तुझं थोबाड दिसायला."

बोट ठरल्या दिवशी गेली आणि आली. परत गेली. मी कारखान्यात मोठ्या बोटींसाठीच्या नवीन खेपेच्या आखणीत दोन बदल केले. बोर्ड मोडलेला नसेल तर हिरव्या दिव्याऐवजी लाल लागेल अशी एक वाट रेघेतून नेली. ती तुटली की दिवा हिरवा. आणि पांढरी अक्षरं काढून टाकली. त्यांच्या जागी काय घालावं हे मला सुचेना. शेवटी नुसता बाण ठेवला. मालकांनी विचारलं, लोकांना कळेल का? मी म्हटलं, देताना सांगावं लागेल.

दिवाळीनंतर एका दुपारी माझा फोन वाजला. सासूबाई मला कधी फोन करत नाहीत, मुलीला करतात. मी उठून बाहेर आलो. कंपाउंडच्या जांभ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

"वाजला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा तो. काल रातचा. हा झोपला व्हता, वाजला तसा उठला. दांड्याकडनं परत सुटलं व्हतं पाणी."

"बरं," मी म्हटलं. "पाणी किती होतं?"

"ते मी नाय विचारलं. उठला, पंप लावला, आला. आता जेवतोय."

मागून ताटाचा आवाज येत होता, आणि मेहुणा तोंडात घास ठेवूनच काहीतरी मागत होता, बहुतेक मीठ.

"जेवू दे," मी म्हटलं. त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तो जेवत होता ते आम्ही दोघं ऐकत राहिलो.